भिंतीवर रोहित, मागणीत सुकट: खाडीकाठच्या एका लढ्यातले कलाकार

खाडीकाठी पडणारा राडारोडा थांबवण्यासाठी आणि मासळी सुकवण्याची जागा वाचवण्यासाठी झालेल्या लढ्याची ही घटना नवी मुंबईत, ठाणे खाडीला लागून असलेल्या एका कोळीवाड्यातली आहे. गावाचे, माणसांचे आणि यंत्रणांचे नाव दिलेले नाही. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी त्या वेळी ठाण्यातल्या एका छोट्या कलापथकाबरोबर होते. आम्ही आठ जण. गाणे, अभिनय, चित्र यांतले मला काही येत नाही. निवेदने लिहिणे, माहिती अधिकाराचे अर्ज टाकणे, सभेचे इतिवृत्त ठेवणे ही माझी कामे. आमच्याकडून जे चुकले ते मला कागदाच्या बाजूने दिसले, आणि तेही उशिरा. चळवळीत उतरणाऱ्या इतर कलाकारांना ते लवकर दिसावे म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

नवी मुंबईत प्रकल्पग्रस्त हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे जमीन येते. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. शेतकरी आपले नेते दि. बा. पाटील यांच्यामागे उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तानच्या परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. इथल्या प्रत्येक गावाला हा इतिहास तोंडपाठ आहे.

कोळ्यांचे दुखणे मात्र त्या इतिहासाच्या कडेला राहिले. सातबारा जमिनीचा निघतो, खाडीचा निघत नाही. पिढ्यानपिढ्या जिथून होडी लोटली ती वाट, जिथे जाळे वाळवले ते आवार, जिथे मासळी सुकवली ते खळे, यातले बहुतेक कोणाच्याही नावावर नव्हते. मोबदला नोंदीला मिळतो. ज्याची नोंद नाही त्याचे नुकसानही नोंदले जात नाही. म्हणून कोळीवाड्यांचे सीमांकन करा, ही मागणी ठाण्यापासून उरणपर्यंतच्या कोळीवाड्यांतून वर्षानुवर्षे होत आली आहे.

आमच्या गावात खाडीवर जाणारी घरे कमी झाली आहेत. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या सांडपाण्याने खाडीची काय दशा केली हे म्हातारी माणसे माशांची नावे घेऊन सांगतात: जिताडा क्वचित, बोय कमी, निवट्या आणि चिंबोरी अजून मिळते. घर चालते ते बायकांच्या सुकवणीवर. खाडीतला जवळा आणि भाऊच्या धक्क्यावरून पहाटे आणलेले बोंबील, दोन्ही गावाच्या खालच्या अंगाला, तिवरांच्या म्हणजे कांदळवनाच्या अलीकडच्या मोकळ्या जागेत सुकतात. पावसाळा संपला की मे महिन्यापर्यंत तिथे बांबूंवर दोऱ्या ताणलेल्या असतात.

त्याच खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. हिवाळ्यात येणाऱ्या रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पक्ष्यांमुळे शहर पहिल्यांदाच खाडीकडे तोंड करून उभे राहिले. त्याआधी खाडी ही शहराची पाठ होती. या बदलाचे मला मोल आहे. पुढे जे घडले त्याचे बीजही त्यातच होते.

प्रश्न

रात्री डंपर यायचे. शहरात जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याची कामे जोरात होती आणि तिथला राडारोडा खाडीच्या कडेला ओतला जात होता. होडीची वाट आधी अरुंद झाली, मग ओहोटीला पूर्ण बंद. सुकवणीच्या जागेचा एक कोपराही विटांखाली गेला. तक्रार केली की संबंधित कार्यालय म्हणायचे जागा दुसऱ्याच्या हद्दीत आहे, आणि ते दुसरे कार्यालय तिसऱ्याकडे बोट दाखवायचे.

गावकीने तीन संध्याकाळी बसून निवेदन तयार केले. ते उतरवून घ्यायला मी होते. मागण्या तीनच होत्या. राडारोडा थांबवून होडीची वाट मोकळी करा. सुकवणीच्या जागेचे मोजमाप करून तिची नोंद करा. धक्क्यावर दिवे द्या. एकेका शब्दावर वाद झाला. ‘विनंती’ काढून ‘मागणी’ आले. ‘मोकळी जागा’ लिहिले होते, ते एका मावशींनी खोडायला लावले. त्या म्हणाल्या, “मोकली लिवलंस तं उद्या कोनी पन घेईल. सुकवनीची लिव.” तो शब्द बदलला. ही सभा आणि हा शब्द लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या घोळाचे माप यानेच घ्यायचे आहे.

कलाकार कसे आले

पथकातला ढोलकीवाला याच गावचा जावई. त्याच्या सांगण्यावरून आम्ही गेलो. दिवाळी नुकतीच झाली होती. सुरुवातीला महिनाभर आम्ही फक्त जायचो, बसायचो, ऐकायचो. नाटकवाल्या ताईंनी शाळेच्या पटांगणात बायकांची एक कार्यशाळा घेतली. त्यात एक खेळ होता: रांगोळीने जमिनीवर आपले गाव काढा. पंधरा-वीस बायका वाकून काढत होत्या. घरे पटकन संपली, कारण त्यांचा जीव खालच्या जागेत होता. कुठल्या घराच्या दोऱ्या कुठे, कोणाचा बांबू कोणाच्या हद्दीत येतो, कुठून उधाणाचे पाणी शिरते, कुठे कचरा पडला. एका टोकाला भांडणही झाले, दोन जावांचे, एका खांबावरून. दुसऱ्या दिवशी पटांगण झाडले गेले. मी फोटो काढून ठेवले होते. ‘कार्यशाळा’ असे नाव देऊन मी ते एका फाइलमध्ये घातले आणि विसरले. ही माझी चूक. तिच्याकडे परत येईन.

शाहिरीचा वारसा आमच्या पथकाच्या अंगात आहे असे आम्ही मानायचो. सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे, १९४४ चे लाल बावटा कलापथक, अमर शेख, अण्णा भाऊ, गव्हाणकर. तालमीत ही नावे रोज निघायची. आज मागे वळून पाहताना त्या परंपरेतली एक गोष्ट आम्ही नीट वाचली नव्हती असे वाटते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मागणी काय आहे हे समितीने ठरवले होते आणि ती एका वाक्यात मावत होती. शाहिराने ती गावोगाव नेली, लोकांच्या काळजात घातली. मागणी त्याने बदलली नाही. आमच्या कोळीवाड्यात मागणी तीन कलमांची, स्थानिक, आणि शहरातल्या माणसाला रुक्ष वाटेल अशी होती. तिला चेहरा द्यायचे काम आम्ही अंगावर घेतले. कुठला चेहरा, हे मात्र कोणाला विचारले नाही.

पहिला निर्णय: भिंत

सर्व्हिस रोडला लागून एका पंपघराची लांब भिंत होती. ताबा असलेल्या कार्यालयाने रंगवायला लेखी परवानगी दिली. अशी परवानगी नसेल तर मालमत्ता विद्रूपीकरणाच्या १९९५ च्या कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो, त्यामुळे तो कागद मी आधी मिळवला होता. चित्रकार जे. जे.मध्ये शिकलेला, हाताचा विलक्षण. त्याच्यापुढे दोन रेखाटने होती. एकात बायका दोऱ्यांवर बोंबील टांगताहेत. दुसऱ्यात खाडीवरून रोहितांचा थवा उडतो आहे, खाली विटांचा ढीग, आणि थव्याची सावली त्या ढिगावर पडली आहे.

आम्ही आठ जणांनी दुसरे निवडले. कारणे तेव्हा पटणारी होती. गुलाबी रंग लांबून दिसतो. लोक थांबतील, फोटो काढतील. पक्ष्यांच्या नावाने कायदा बोलतो, माणसांच्या नावाने तो गप्प बसतो, असे मीच म्हणाले होते. रेखाटन गावातल्या दोन तरुणांना मोबाइलवर दाखवले. ते म्हणाले, “एकदम भारी.” झाली आमची संमती.

निवेदनाचा मसुदा तीन संध्याकाळी, पूर्ण सभेत वाचून, शब्द न् शब्द तपासून गेला. चित्राचा मसुदा एका फोनवर, दोन मुलांना, चहाच्या टपरीवर. आणि जाहीर झाल्यावर शहराने वाचले ते चित्रच. निवेदन वाचणारी माणसे शहरभरात एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील.

भिंत पूर्ण झाली आणि खरोखर लोक आले. पाम बीचच्या बाजूच्या सोसायट्यांमधले रहिवासी, पक्षिनिरीक्षक, कॉलेजची मुले. रविवारी सकाळी मानवी साखळी झाली. कांदळवन आणि पाणथळींच्या तक्रारींसाठी उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेली, कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालची समिती आहे. तिच्याकडे एकाच आठवड्यात अनेकांनी स्वतंत्र तक्रारी पाठवल्या. त्यांत आधार होता मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाचा. कांदळवनाचा नाश हे नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचे उल्लंघन आहे असे तो म्हणतो, आणि कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही जपायला सांगतो. स्थळपाहणी झाली, पंचनामा झाला. डंपर थांबले. गाव वर्षभर ज्यासाठी कार्यालयांच्या पायऱ्या झिजवत होते ते महिन्याभरात झाले. त्या दिवशी आम्ही धक्क्यावर बसून नाखवांकडून आलेला चिंबोरीचा रस्सा खाल्ला. तो आनंद खरा होता, तो मी आज कमी करून सांगणार नाही.

चित्राने मागणी बदलली

जानेवारीअखेर एका सरकारी यंत्रणेने बैठक बोलावली. अधिकारी सौजन्याने वागले. त्यांनी भिंतीचे कौतुक केले आणि पडद्यावर आराखडा दाखवला: फ्लेमिंगो पाहण्यासाठी लाकडी मार्गिका आणि निरीक्षण मंच, बाके, दिवे, माहितीफलक. जागा? गावाच्या खालच्या अंगाची, तिवरांच्या अलीकडची ‘मोकळी जागा’. आराखड्यावर तिथे फिकट हिरवा रंग होता आणि नेमका तोच शब्द होता, जो मावशींनी निवेदनातून खोडायला लावला होता.

गावातले एक ज्येष्ठ म्हणाले, इथे आमची मासळी सुकते. अधिकाऱ्यांना मनापासून आश्चर्य वाटले. तुमच्याच भिंतीवर तर ही जागा पक्ष्यांची म्हणून दाखवली आहे, असे ते म्हणाले. आमच्या चित्रकाराने मान खाली घातली. मी इतिवृत्त लिहीत होते. ते वाक्य लिहून मी थांबले.

पुढच्या आठवड्यात दुसरा धक्का बसला. मानवी साखळीत आमच्या हातात हात घालून उभ्या राहिलेल्या एका सोसायटीने पत्र दिले की मंचाचे स्वागत आहे, मात्र शेजारच्या ‘दुर्गंधीयुक्त मासळी सुकवणीचे’ स्थलांतर करावे. ही माणसे वाईट नव्हती. आम्ही त्यांना पक्ष्यांसाठी बोलावले होते, ते पक्ष्यांसाठी आले होते. सुकटीसाठी त्यांना आम्ही कधी बोलावलेच नव्हते.

गावकीच्या सभेत त्या रात्री फार कोणी ओरडले नाही. एक आजी, गावची धवलारीण, लग्नात धवले गाणारी, चित्रकाराला म्हणाली, “पोरा, चित्र चांगलं हाय. पन त्यात आमी कुठं हाव?”

समोरचे पर्याय

पथकाची बैठक नौपाड्यातल्या आमच्या तालमीच्या खोलीत पहाटेपर्यंत चालली. भिंत पुसून टाकावी, असे चित्रकाराचेच म्हणणे होते. नाटकवाल्या ताईंना वाटत होते, मंचाला जाहीर विरोध करून पथनाट्य उभे करावे. तिसरे मत तडजोडीचे: मंच स्वीकारावा, पण सुकवणीची जागा त्यातच ‘कोळी संस्कृती दालन’ म्हणून राखून घ्यावी. हे मत मांडणारा मुलगा प्रामाणिक होता आणि त्यातून गावाला काही मिळाले असते. मला ते आजही खुपते. जगण्याची जागा दालन झाली की तिला उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ ठरते.

अडचण आणखी खोल होती. ज्या ५० मीटरच्या पट्ट्याच्या जोरावर डंपर थांबले, सुकवणीचे बांबूही त्याच पट्ट्यात होते. मंचाला विरोध करताना पुन्हा तोच निकाल वापरला तर उद्या कोणी आमचे बांबूही अतिक्रमण म्हणून काढायला लावील. ही धार दुहेरी आहे हे मला भिंतीच्या वेळीच कळायला हवे होते. वकिलांनी वेगळा रस्ता दाखवला. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत मासळी सुकवण्याच्या जागा, जाळी दुरुस्तीच्या जागा यांचा स्थानिक मच्छीमारांच्या आवश्यक सोयी म्हणून उल्लेख येतो. पण तो आधार घ्यायचा तर ही जागा प्रत्यक्ष वापरात आहे, कोण वापरते, कुठून कुठपर्यंत, याचा पुरावा हवा.

तेव्हा मला ती रांगोळीची फाइल आठवली.

काय केले

दुसऱ्याच दिवशी फोटो घेऊन आम्ही गावात गेलो. ज्या बायकांनी रांगोळी काढली होती त्यांना पुन्हा बोलावले. या वेळी रांगोळीच्या जोडीला मोजणीची टेप, चुन्याची फक्की आणि मोठे कागद होते. चार दिवस लागले. प्रत्येक कुटुंबाच्या दोऱ्यांची जागा मोजून कागदावर आली, शेजारी वापरणाऱ्या बाईची सही किंवा अंगठा. चित्रकाराने तो नकाशा स्वच्छ उतरवला. त्याने त्यात स्वतःचे काहीही घातले नाही, एक रेघसुद्धा सुंदर दिसावी म्हणून वळवली नाही. मला ते काम त्या भिंतीपेक्षा मोठे वाटते. खांबावरून भांडलेल्या जावांनी त्या खांबावर दोघींचीही नावे लिहायला लावली. नकाशा हरकतीच्या अर्जाला जोडला, प्रती पाच कार्यालयांना दिल्या, पोच घेतली.

पथनाट्याचे काम त्याच वेळी चालू झाले आणि तिथे आणखी एक निर्णय समोर आला. ढोलकीवाल्याला धवलारीण आजीचा एक धवला फार आवडला होता. त्याच चालीवर मंचाविरुद्धचे गाणे बांधू, असे त्याने सुचवले. आजीने ठाम नकार दिला. धवला लग्नातला, विधीचा, तो रस्त्यावर गात नाहीत. पथकात काहींना हे जुनाट वाटले. लोककला लोकांसाठी वापरली तर बिघडले कुठे, असा त्यांचा सवाल. आम्ही आजीचे ऐकले. दोन दिवसांनी तिनेच निरोप पाठवला की शिमग्याचे गाणे घ्या. शिमग्याला कोणाचेही नाव घेऊन बोलता येते, त्याचा राग धरायचा नसतो. आम्ही वारसा म्हणून धवल्याकडे धावलो होतो. निषेधाला कुठला प्रकार चालतो हे आजीला माहीत होते.

गाणे बायकांनी बांधले. आमच्या लेखकाने लिहिलेली कडवी चांगली होती, पण त्यात ‘अस्मिता’ होती आणि ‘निसर्ग’ होता. बायकांच्या गाण्यात बोंबील, जवळा, करंदी, मांदेली, वाकटी एकामागून एक हजेरी लावत होती आणि प्रत्येक माशामागे प्रश्न होता: हा मंचावर कुठे बसणार? लेखकाने स्वतःची कडवी मागे घेतली. त्याला ते जड गेले, आणि त्याने ते दाखवले नाही.

महाराष्ट्रात नाट्यसंहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवण्याची पद्धत आहे. आमची संहिता आम्ही पाठवली. पण बायका प्रयोगागणिक ओळी बदलत होत्या, आणि पाठवलेल्या प्रतीबाहेरचे बोललो तर अडचण येईल ही धास्ती मला होती. शेवटी नाट्य आणि गाणे वेगळे ठेवले: पथनाट्य ठरलेल्या शब्दांत, गाणे होळीच्या रात्री गावच्या होळीपुढे, गावाचा सण म्हणून. लाउडस्पीकर लावलाच नाही. रात्री दहानंतरचा नियम मोडण्याचे निमित्त कोणाला द्यायचे नव्हते.

थांबायचे की नाही

होळीच्या आधी गावातल्या पहिल्या प्रयोगानंतर दोन अनोळखी माणसे ढोलकीवाल्याच्या सासुरवाडीत येऊन ‘हे जपून करा’ म्हणून गेली. त्याच रात्री एका होडीचा दोर कापला गेला. कोणी कापला हे सिद्ध झाले नाही.

पथकाच्या बैठकीत दिल्लीचे पथनाट्यकार सफदर हाश्मी यांची आठवण निघाली. १ जानेवारी १९८९ ला साहिबाबादजवळ झंडापूरमध्ये कामगारांपुढे पथनाट्य करताना त्यांच्यावर हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते गेले, आणि ४ जानेवारीला त्यांच्या पत्नी मोलोयश्री आणि साथीदारांनी त्याच जागी जाऊन तो अर्धवट प्रयोग पूर्ण केला. आमच्यातल्या तरुणांचे म्हणणे, आपणही उद्याच त्याच चौकात पुन्हा उभे राहू. मलाही त्या क्षणी तसेच वाटत होते.

पण झंडापूरला परत जाणाऱ्यांनी स्वतःचे घर, स्वतःचे माणूस पणाला लावले होते. आम्ही गावच्या होड्या पणाला लावत होतो. हे आम्हाला मावशींनी दाखवले. “तुमी रातची गाडी पकडून ठान्याला जाल. होडी आमची हितंच बांधलेली हाय.” निर्णय गावकीवर सोपवला. गावकीने सांगितले, गावात होळीपर्यंत प्रयोग नको, बाहेर करा, आम्ही येतो. मग ठाण्यात तलावपाळीला, मासुंदा तलावाच्या काठावर प्रयोग झाला. बायका ठाणे-वाशी लोकलने, डोक्यावर सुकटीच्या टोपल्या घेऊन आल्या. प्रयोग संपल्यावर त्यांनी तिथेच सुकट विकली, आणि घेणाऱ्याला ती कुठे सुकली ते सांगितले. आमच्या पंचवीस मिनिटांच्या नाटकाला जे जमले नव्हते ते त्या विक्रीत होते.

होळीच्या रात्रीचे गाणे मी वर्णन करू शकत नाही. बायका प्रत्येक कार्यालयाचे नाव घेत होत्या आणि अख्खा गाव बोंब ठोकत होता. दोन कार्यालयांची माणसे समोर उभी होती, निमंत्रण होते. ती हसली, मग हसायची थांबली, आणि शेवटपर्यंत थांबून राहिली.

पैसा

याच काळात चित्रकाराकडे शहरातल्या भिंती रंगवण्याचे मोठे काम चालून आले, ज्या यंत्रणेपुढे आमची हरकत पडून होती तिच्याकडून, चौरस फुटाच्या दराने. त्याचे घरभाडे थकले होते. पथकाने त्याला ‘नाही म्हण’ असे सांगणे सोपे होते. त्याने नाही म्हटले, आणि मग आम्ही तीन महिने वर्गणी काढून त्याचे भाडे भरले. हे काही पुण्य नव्हते. ज्याला नकार द्यायला लावायचा त्याचा खर्च वाटून घ्यायचा, एवढाच हिशेब. हे आधी ठरलेले असते तर त्याला मागायची वेळ आली नसती, आणि त्याला मागावे लागले याची मला लाज वाटते.

निष्पत्ती

डंपर थांबलेले आहेत. सणासुदीच्या सुट्टीत एखादा येतो, तेव्हा गावातली मुले फोटो काढून पाठवतात. होडीची वाट राडारोडा उपसून मोकळी केली गेली. धक्क्यावर दिवे आले. मंच त्या जागेवर होणार नाही असे तोंडी सांगितले गेले आणि सुधारित आराखड्यातून ती जागा गळली. लेखी मात्र काही मिळालेले नाही. सीमांकनाचा अर्ज अजून प्रलंबित आहे, म्हणजे तीनपैकी जी मागणी बायकांना सर्वांत मोलाची होती तीच उरली आहे. मोजणीच्या नकाशाची एक प्रत एका कार्यालयाने ‘जोडपत्र’ म्हणून क्रमांक देऊन नोंदवून घेतली. त्या जागेबद्दल सरकारी दप्तरात पडलेला तो पहिला कागद असावा.

सोसायटीवाल्यांपैकी काही कुटुंबे तलावपाळीनंतर गावात आली. त्यांतल्या दोघी आता थेट मावशींकडून बोंबील घेतात. बाकीचे दुरावले.

आता वेगळे काय करू

चित्रकाराच्या हातून झालेली चूक मी त्याच्या एकट्याच्या खात्यावर टाकणार नाही. प्रतिमा निवडणे हे आम्ही सजावटीचे काम समजलो. ते मसुदा लिहिण्याचे काम होते. निवेदनातला शब्द बदलायला सभा लागते, तर भिंतीवरच्या पक्ष्यालाही लागावी. पुढच्या प्रत्येक कामात रेखाटन, गाण्याची पहिली ओळ, फलकावरचे घोषवाक्य हे मागण्यांच्याच सभेत, मागण्यांच्याच बरोबर ठेवायचे आणि इतिवृत्तात त्याची नोंद करायची असे आम्ही ठरवले आहे. याने वेग जातो. रोहितांच्या भिंतीला सभेची वाट पाहावी लागली असती तर डंपर आणखी काही आठवडे आले असते, हे मला नाकारता येत नाही. कदाचित दोन्ही चित्रे काढता आली असती, शेजारी शेजारी. तेवढी लांब भिंत होती.

मित्र कोणत्या कारणाने आले हे तेव्हाच विचारायला हवे होते. मानवी साखळीच्या दिवशी प्रत्येकाच्या हातात तीन मागण्यांचा कागद दिला असता तर ‘दुर्गंधीयुक्त’ हा शब्द लिहिताना एखाद्याचा हात तरी अडखळला असता. आणि रांगोळीसारख्या गोष्टींवर मी ‘कार्यशाळा’ असे लिहिणार नाही. लोक जेव्हा खेळता खेळता आपली जागा दाखवतात तेव्हा तो पुरावा असतो. त्याच संध्याकाळी तारीख घालून, नावांसकट उतरवून ठेवायचा.

भिंतीचे काय झाले ते सांगायचे राहिले. चित्रकाराला ती पुसायची होती, गावकीने पुसू दिली नाही. पक्षी राहू देत म्हणाले, ते पण हितलेच. अर्ध्या भिंतीवर सुकवणीचे चित्र घ्यायचे ठरले. या वेळी त्याने रेखाटन मोठ्या कागदावर करून सभेत टांगले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग धवलारीण आजी उठली, कागदाजवळ गेली आणि म्हणाली, बोंबील शेपटीने टांगत नाहीत. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकतात. तिने टोपलीतले दोन काढून करून दाखवले. चित्रकार खाली बसला आणि त्याने खोडरबर काढले.